टाच दुखतेय, सकाळी पहिलं पाऊल टाकवत नाही – पळणारे नाशिककर इकडे या

हळूपळू | १४ जून, सकाळी ६:५२

राम राम मंडळी. गेले पाच आठवडे उजवी टाच दुखतेय. आधी वाटलं खडाबिडा रुतला असेल. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला कुणीतरी दाभण खुपसल्यासारखं होतं, मग बाथरूमपर्यंत चवड्यावर लंगडत जायचं, ब्रश होईस्तोवर जरा मोकळं होतं आणि ऑफिसला निघेपर्यंत वाटतं की काही नव्हतंच. दुपारी दोन तास खुर्चीत बसून उठलो की परत तेच. पळताना तर मजाच आहे, पहिला किलोमीटर दुखतं, अंग गरम झालं की थांबतं, आणि घरी येऊन आंघोळ करून चहाला बसलं की ठणका सुरू.

वय ४३, वजन ८१, पळायला लागून ४ वर्षं झाली. सुरुवात गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर, आता आठवड्यातून चार दिवस गंगापूर रोडनं सोमेश्वरपर्यंत आणि रविवारी धरणाच्या बाजूला लांबची धाव. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन करायचं डोक्यात आहे.

एका ठिकाणी दाखवलं. एक्स-रे काढला, दोन मिनिटं बघितलं, म्हणाले हाड वाढलंय, पळणं कायमचं बंद करा, सायकल चालवा. घरी बायको म्हणते तरी मी सांगत होते. कुणाला असं झालंय का, आणि बरं झालं का, एवढंच सांगा. पळणं बंद करा असं सांगायला ऑलरेडी सहा जण आहेत.


पंचवटीकर | १४ जून, सकाळी ७:२०

प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळव्यातल्या पट्ट्याचं दुखणं. क्लबात स्वागत आहे. मला २ वर्षांपूर्वी झाला होता, ८ महिने गेले. बरा होतो पण आपल्या घाईनं नाही, त्याच्या चालीनं.


बटवावाली | १४ जून, सकाळी ९:०५

आमच्याकडे टाच दुखली की वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं ठेवायची आणि त्यावर टाच टेकवायची, सोसवेल तितकंच. सासूबाईंचा जन्म गेला असं शेकण्यात. आणि रात्री झोपताना तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची. पाऊल असं मऊ पडतं की सकाळचं दुखणं निम्मं कमी. करून बघा भाऊ, पैसे तर लागत नाहीत.


चिवडा४२ | १४ जून, सकाळी ९:३१

वीट कुठून आणू ताई, आमच्या गल्लीत रस्ता खणलाय तिथून उचलू का 😄 कुंभाच्या कृपेनं विटा, खडी, वाळू सगळं दारात आहे, फक्त पळायला रस्ता नाही.


फिजिओताई | १४ जून, दुपारी २:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकरोडला प्रॅक्टिस करते. इथून तपासणी होत नाही हे आधीच सांगते, पण काही गोष्टी मोकळ्या करून सांगता येतील.

हळूपळू दादा, तुम्ही जे वर्णन केलंय, पहिल्या पावलाला कळ, थोडं चाललं की कमी, बसून उठलं की परत, ते अगदी ठराविक आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. पावलाची कमान तो धरून ठेवतो. पाऊल उचलताना अंगठा वर वळतो तेव्हा हा पट्टा ताणला जातो, कमान उचलली जाते आणि पाऊल कडक होऊन पुढे ढकलायला तयार होतं, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळल्यासारखं. पळताना हे दर पावलाला. झेपतं त्याहून जास्त ओझं रोज पडत राहिलं की टाचेपाशी जिथे तो चिकटलेला असतो तिथली झीज भरून निघत नाही. फॅसायटिस या नावात आयटिस म्हणजे सूज असली तरी जुन्या दुखण्यात सूज फारशी नसते, तंतूंची झीज असते, म्हणून नुसत्या सुजेच्या गोळ्या खाऊन प्रश्न मिटत नाही.

वाढलेल्या हाडाचं मनावर घेऊ नका. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये ते हाड दिसतं, आणि टाच पूर्ण बरी झालेल्या माणसाचं हाड तिथेच असतं. ते टोचतं म्हणून दुखतं असं नाही.

आता माझा एकच प्रश्न. दुखायला लागायच्या आधीच्या दोन महिन्यांत काय बदललं?


हळूपळू | १४ जून, दुपारी ४:१५

ताई खूप आभार. बदललं असं खास काही नाही.


पंचवटीकर | १४ जून, दुपारी ४:२२

शूज?


हळूपळू | १४ जून, रात्री ९:४८

हो, शूज नवीन घेतले एप्रिलमध्ये. सेलमध्ये होते. जुन्यांपेक्षा हलके आणि टाचेला एकदम पातळ, दुकानदार म्हणाला नॅचरल रनिंग, सगळे हेच घेतात. आणि हाफची तयारी म्हणून आठवड्याचे २५ किमी होते ते ४५ वर नेले, महिन्याभरात. आणि शनिवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढउतार, सहा फेऱ्या. आणि उन्हाळ्यात घरात चप्पल काढून ठेवली, फरशी गार लागते म्हणून.

लिहिताना माझं मलाच हसू आलं.


चिवडा४२ | १४ जून, रात्री ९:५५

खास काही नाही म्हणे. दादा तुम्ही टाचेच्या जागी असता तर संपावर गेला असता.


अनवाणी_नाशिक | १५ जून, सकाळी ६:१०

सगळा दोष पातळ शूजवर ढकलू नका. जाड गादीच्या शूजनीच आपले पाय लुळे केलेत. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणी पळायच्या, आणि २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य घेतलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. मी स्वतः तीन वर्षं अनवाणी पळतोय, एकदाही टाच दुखली नाही.


शाळामास्तर | १५ जून, सकाळी ७:०२

त्यांचे पाय पाड्यावरच्या मातीत घडले हो, लहानपणापासून. आपले पाय घडले शाळेच्या बुटात आणि नंतर ऑफिसच्या टेबलाखाली. चाळिशीत एका महिन्यात चपलेतून मातीत जायचं आणि मातीऐवजी गंगापूर रोडचं काँक्रीट, यात तुलना कुठे बसते? तुम्हाला जमलं त्याचा आनंद आहे, पण तुम्ही किती हळूहळू गेलात तेही लिहा ना.


अनवाणी_नाशिक | १५ जून, सकाळी ७:३०

हे खरंय. पहिले सहा महिने मी मैदानावर १० मिनिटंच पळत होतो. ते लिहायचं राहिलं.


सिडकोची_सून | १५ जून, दुपारी १:१८

मी पळत नाही, नर्स आहे, १२-१२ तास उभी. मलाही हेच झालं होतं म्हणून लिहिते. मी टाचेत इंजेक्शन घेतलं स्टेरॉइडचं. आयुष्यात एवढी कळ सोसली नव्हती, पण चौथ्या दिवशी टाच गायब, म्हणजे दुखणं गायब. सहा आठवडे राणीसारखी फिरले. मग परत. दुसरं घेतलं, ते महिनाभरच टिकलं. तिसऱ्याला मी नाही म्हटलं. नंतर व्यायामानीच गेलं पण त्याला पाच महिने लागले आणि रोज कंटाळा यायचा.


फिजिओताई | १५ जून, रात्री ८:३०

सिडकोची_सून, तिसऱ्याला नाही म्हणालात ते बरं केलंत. इंजेक्शन वाईटच असं नाही, दुखणं इतकं असेल की पाऊलच टेकवत नाही तर थोडे दिवस श्वास घ्यायला मिळतो. पण परिणाम काही आठवड्यांचा, आणि वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, क्वचित पट्टाच फाटतो. दुखत नाही म्हणून लगेच पळायला निघालेल्या माणसाला ही भीती जास्त.

हळूपळू दादा, वहीत लिहून घ्या.

सकाळी पाय खाली सोडायच्या आधी, पलंगावरच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटं हातानं धरून नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चाचपून बघायचा, पट्टा वीणेच्या तारेसारखा ताठ लागला पाहिजे. १० सेकंद धरायचं, १० वेळा. दिवसातून तीनदा, आणि बराच वेळ बसून उठायच्या आधीही. मग चप्पल घालूनच उतरायचं. फरशीवर अनवाणी पाय नाही, देवघरापुरतासुद्धा नाही, देव समजून घेईल.

दुसरं आणि मुख्य म्हणजे ताकद. जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं, टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली घ्यायची म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, टाच पायरीबाहेर. एका पायावर टाच वर न्यायची ३ सेकंदात, वर २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदात खाली. घाई केली तर उपयोग नाही. १२ वेळा, असे ३ सेट, आणि बारावा खरंच शेवटचाच निघाला पाहिजे. एका पायावर जमत नसेल तर दोन्हीवर सुरू करा. एक दिवसाआड, रोज नाही. दोन आठवड्यांनी पाठीवर सॅक, त्यात पुस्तकं, १० वेळा ४ सेट. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ वेळा ५ सेट. डेन्मार्कमध्ये ४८ पेशंटवर हा प्रयोग झालाय. तीन महिन्यांनी नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा याचा फरक चांगला दिसला. वर्षभरानं मात्र दोन्ही गट सारखेच होते, म्हणजे जादू नाही, पण लवकर सुटका.

आणि बटवावाली ताई, काशाच्या वाटीला माझी ना नाही, रात्री बरं वाटतं. विटेचं मात्र डायबेटिस असलेल्यांनी चुकूनही करू नये, तळपायाची संवेदना कमी झालेली असते, चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर वेगळंच प्रकरण.


बटवावाली | १५ जून, रात्री ९:१०

बरोबर आहे ताई, सासूबाईंना साखर नव्हती. चीक लागला की हात धुवायचे हे मी लिहायला हवं होतं.


ओझरकर | १६ जून, सकाळी ६:३३

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहिणं गरजेचं आहे. मलाही सगळ्यांनी फॅसायटिसच सांगितलं. मी बाटलीत बर्फ करून तिच्यावर पाय फिरवत बसलो, टेनिस बॉल घेतला, सगळं केलं. पण माझं दुखणं चालून कमी व्हायचं नाही, उलट जितकं चालेन तितकं वाढायचं, आणि रात्री अंथरुणातसुद्धा ठणकायचं. एक्स-रे नॉर्मल. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबली, मी टेबलावरून उडालो. एमआरआय केला, टाचेच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही म्हणे ते. दीड महिना कुबड्या. मी त्याच टाचेवर पायरीचा व्यायाम करत होतो हो, जीव तोडून.


फिजिओताई | १६ जून, सकाळी ११:५०

ओझरकर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. रात्री झोपेत दुखणं, दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ, मुंग्या किंवा बधिरपणा, पडून-मुरगळून अचानक सुरू झालेलं, किंवा दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी पाठ-कंबर अर्धा तास आखडलेली राहते, यातलं काही असेल तर घरगुती प्रयोग नकोत, तपासून घ्यायचं. शेवटचं तर तरुण मुलांमध्ये संधिवाताचं लक्षण असू शकतं. आणि दुखणं टाचेच्या खाली नसून मागे, शूजची कड लागते तिथे असेल तर तो पट्टा नाही, पोटरीचा स्नायूबंध आहे. त्यांनी पायरीवर टाच खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच व्यायाम करायचा.


हळूपळू | १६ जून, रात्री १०:०५

दाबून बघितलं दोन्ही बाजूंनी, काही नाही. खालून आतल्या बाजूला अंगठा रोवला की मात्र डोळ्यांत पाणी. आजपासून टॉवेल सुरू. पहिल्या सेटला सात निघाले, आठव्याला पोटरी थरथरायला लागली. ४ वर्षं पळतोय आणि एका पायावर बारा वेळा टाच उचलता येत नाही, लाज वाटली.

प्रश्न: पूर्ण बंद करू का पळणं?


पंचवटीकर | १७ जून, सकाळी ६:००

मी केलं होतं पूर्ण बंद, दोन महिने. दुखणं गेलं, पहिल्याच आठवड्यात पळालो, दुखणं हजर. आराम केला की टाच शांत होते, पण ताकद तेवढीच राहते किंवा अजून कमी होते. माझ्या फिजिओनं एक हिशोब दिला होता तो सांगतो. शून्य ते दहात दुखणं मोजायचं. पळताना तीनपर्यंत चालेल. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिलं पाऊल कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर कालचं जास्त झालं, कमी करायचं. तेवढंच दुखलं तर ठीक. मी कॅलेंडरवर रोज सकाळी आकडा लिहायचो, दूधवाल्याच्या खुणांशेजारी. दोन आठवडे एकदम बघितले की कळतं कुठे चाललोय, एकेका दिवसाकडे बघून वेड लागतं.


हळूपळू | ९ जुलै, रात्री ९:२०

अपडेट. सकाळचा आकडा ७ वरून ४ वर. पायरीवर १२ चे तीन सेट निघतात, सॅकमध्ये मुलीची दहावीची गाइडं भरलीत, ती विचारते बाबा तुम्ही परीक्षेला बसताय का. जुने जाड शूज परत काढलेत, पातळ कपाटात. मेडिकलमधून सिलिकॉनचे हील कप घेतले, ऑफिसच्या बुटात घालतो, पहिले दोन दिवस चप्पल सरकल्यासारखं वाटलं मग सवय झाली. पळणं आठवड्यात तीनदा, ४ किमी, सपाटीवर. पांडवलेणी बंद. पाऊस मस्त लागलाय, गोदेला पाणी आलंय आणि मी घरात टॉवेलवर उभा.


त्रिंबकवाट | ९ जुलै, रात्री १०:०२

श्रावणात येताय ना ब्रह्मगिरीच्या फेरीला? तिसरा सोमवार, आपला ग्रुप नेहमीसारखा रात्री निघेल.


हळूपळू | ९ जुलै, रात्री १०:१०

बघू.


शाळामास्तर | ९ जुलै, रात्री १०:१५

“बघू” म्हणजे जाणार.


हळूपळू | २७ ऑगस्ट, सकाळी ८:४०

हो, गेलो.

सगळं लिहितो. ऑगस्टच्या सुरुवातीला आकडा १ वर होता, काही दिवस तर शून्य. मला वाटलं झालं, संपलं. पायरीचा व्यायाम आठवड्यावर आठवडा चुकायला लागला. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा दहा वर्षं चुकवली नाही, आणि दरवर्षी अनवाणी, तेव्हा याही वर्षी चप्पल दोरीनं कमरेला बांधली आणि निघालो. वीसेक किलोमीटरची वाट, चिखल मऊ होता तोवर काहीच नाही, उलट बरं वाटत होतं, धुकं, हर हर महादेवचा गजर, कुणी रस्त्यात चहा देतंय. मग खडीचा टप्पा आला. तिथे एक दगड टाचेखाली बरोब्बर आला, बरोब्बर त्याच जागी, आणि मी खालीच बसलो. मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं काय झालं बाबा, मी म्हटलं टाच, त्या म्हणाल्या मग चप्पल कशाला बांधली आहेस कमरेला, घाल की. घातली आणि लंगडत पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा ८. जूनपेक्षा वाईट. त्र्यंबकराजाला दोष नाही, माझाच.


फिजिओताई | २७ ऑगस्ट, दुपारी १:०५

ओरडत नाही. तुमच्यासारखे श्रावणानंतर आठवड्याला दोन तरी येतात. आणि आषाढीनंतर वारीतले, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरपर्यंत चाललेले, ते तर हसत हसत येतात टाचा धरून.

एक समजून घ्या. दुखणं जाणं आणि पट्टा तयार होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत. दुखणं आधी जातं. मधल्या काळात माणूस फसतो. आता दहा दिवस पळणं बंद, चालणं गरजेपुरतं, टेप कशी लावायची ते जवळच्या कुणा फिजिओकडून शिकून घ्या, आणि टॉवेल परत पहिल्या पायरीपासून. जूनइतका वेळ बहुतेक लागणार नाही, पोटरीत ताकद आहे आता.


सिडकोची_सून | २७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

दादा मला पण असंच झालं होतं, लग्नात नाचले होते. होतं असं.


चिवडा४२ | २७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४४

चप्पल कमरेला बांधून लंगडणारा माणूस, याचा पुतळा गोल्फ क्लबला बसवा.


नवखा_धावक | ३ सप्टेंबर, सकाळी १०:१०

शॉकवेव्ह, ते मशीननं टाचेवर ध्वनिलहरींचे झटके देतात ते, कुणी केलंय का? मला ९ महिने झालेत, व्यायाम मन लावून केला आहे.


फिजिओताई | ३ सप्टेंबर, दुपारी २:२०

सहा महिने व्यायाम नीट करूनही हटलं नाही तर विचार करायला हरकत नाही. बऱ्याच जणांना फायदा होतो, सगळ्यांना नाही. व्यायामाच्या जोडीनं करायचं, बदली नाही. आणि “मन लावून” म्हणजे नेमकं किती वजनानं ते एकदा सांगा. दहातले सात जण वजनच वाढवत नाहीत असं मी माझ्याकडे बघते, तीन महिने तेच बारा, बिनवजनाचे.


नवखा_धावक | ३ सप्टेंबर, दुपारी २:३१

बिनवजनाचे 🙈


हळूपळू | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

थंडी पडली. आकडा तीन आठवडे ० ते १. सॅकमध्ये आता गाइडं नाहीत, तांदळाची १० किलोची पिशवी आहे. २५ चे दोन सेट साध्या जमिनीवरही निघतात, तेही करतो.

पळणं असं सुरू केलं: आधी अर्धा तास झपझप चालणं, तीन वेळा, दुसऱ्या सकाळी काही नाही हे बघून. मग १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, ८ वेळा. एक दिवसाआड. कृषीनगरच्या ट्रॅकवर, तिथे माती आहे. पहिल्या दिवशी एक मिनिट म्हणजे काय असतं हे कळलं, शेजारून सत्तरीचे काका ओव्हरटेक करून गेले आणि वर अंगठा दाखवला. आता सलग २० मिनिटांवर आलोय. आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची, वेळ नाहीतर वेग, दोन्ही नाही. वजन ८१ चं ७७ झालं, त्याचाही हातभार असेल.

मुंबईची हाफ यंदा नाही. नाव नोंदवलं होतं, पैसे गेले. दोन दिवस वाईट वाटलं. मित्र म्हणाला चालत कर, कट-ऑफमध्ये बसेल. मी त्याला म्हटलं मी त्र्यंबकला चालतच होतो.


पंचवटीकर | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

उत्तम. पुढच्या वर्षी बरोबर जाऊ. टॉवेल सोडू नका, मी अजून आठवड्यातून दोनदा करतो, २ वर्षं झाली.


हळूपळू | ८ फेब्रुवारी, सकाळी ९:००

आज धरणापर्यंत जाऊन आलो, १२ किमी, वेग विचारू नका. द्राक्षाच्या बागांमधून मालाच्या गाड्या निघाल्या होत्या, एका मळ्याशी थांबून घोसभर खाल्ली. परतताना आनंदवल्लीपाशी टाचेनं जरा आठवण करून दिली, दोनचा आकडा असेल, चालत आलो उरलेलं. उद्या सकाळी बघतो काय म्हणते.


हळूपळू | ९ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

शून्य.


चिवडा४२ | ९ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

मिसळ तुमच्याकडे लागू.


इंदिरानगरचा_नवा | २२ एप्रिल, रात्री ११:१२

पूर्ण धागा वाचला, खूप उपयोगी. मला पण दोन आठवड्यांपासून सेम, डावी टाच, सकाळी पहिलं पाऊल. पण माझ्या बाबतीत कारण काहीच नाही, अचानकच सुरू झालंय.


हळूपळू | २३ एप्रिल, सकाळी ५:५०

गेल्या दोन महिन्यांत काय बदललं?


इंदिरानगरचा_नवा | २३ एप्रिल, सकाळी ८:३०

काहीच नाही दादा.


इंदिरानगरचा_नवा | २३ एप्रिल, सकाळी ८:४४

पांडवलेणीला जायला लागलोय, पण ते धरायचं का?